पलंगाभोवती

१

ऑपरेशननंतर काही दिवस अंगात थोडी कसर राहतेच, हे बिश्केकच्या डॉक्टरांनी बुरुलला घरी सोडताना सांगितलं होतं. संध्याकाळी पारा सदतीसच्या जरा वर गेला तर घाबरायचं नाही. अडतीसच्या पुढे गेला तर फोन करायचा. जखम कोरडी ठेवायची, चरबीचं खायचं नाही, जड उचलायचं नाही. बुरुलने सगळ्याला मान डोलावली. ती कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसणारी बाई. सूचनांपेक्षा तिचं लक्ष स्वतःच्या पोटावरच्या टाक्यांकडे होतं. "असली शिवण मी घातली असती तर मुकादमबाईने उसवायला लावली असती," ती नवऱ्याला फोनवर म्हणाली. नवरा तालाय रशियात ट्रक चालवत होता. तो हसला आणि म्हणाला, "पोट कोण बघतंय? आईकडे जा आणि मस्त लोळ."

आईकडे जायचं आधीच ठरलं होतं. खरं तर ऑपरेशनच आईने करायला लावलं होतं. पित्ताचे खडे झोपलेले आहेत, त्यांना उगाच उठवू नका, पुढच्या वर्षी बघू, असं डॉक्टर म्हणत होते. पण आईने हिवाळाभर फोनवर एकच धोशा लावला. "काढून टाक एकदाचे. बर्फ वितळायला लागलं की काढ. मी आहे ना, तुझं सगळं मी करीन."

बुरुलला नवल वाटलं होतं. लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नाही, म्हणून आईच्या तोंडी तिचं नाव हळूहळू कमी होत गेलं होतं. फोन करावा तर धाकट्या एसेनच्या दोन पोरांचंच कौतुक ऐकावं लागे. धाकटा मुलगा घर राखतो, म्हातारी आई त्याच्याच चुलीशी बसते, त्यात वावगं काही नाही. तरी लेकीचं मन खट्टू व्हायचं ते व्हायचंच. आता तीच आई म्हणत होती, ये, मी तुझं करते. बुरुल त्या एका वाक्याच्या भरवशावर टेबलावर जाऊन झोपली, असं म्हटलं तरी चालेल.

२

नारीनच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात ती शेअर टॅक्सीतून उतरली तेव्हा रस्त्याच्या कडेला काळवंडलेलं बर्फ अजून होतं. आईने फाटकातच तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कपाळ हुंगलं आणि म्हणाली, "तुझ्याभोवती फिरते गं, बाळा."

हे वाक्य त्या मुलुखात बायका दिवसातून शंभरदा बोलतात. पोराला जेवायला हाक मारताना, दुकानदाराशी घासाघीस करताना, अनोळखी पोराला रस्ता विचारताना. पण मुळात ते हलकं नाही. आजारी लेकराच्या अंथरुणाभोवती आई तीन फेऱ्या घालते. उजवा हात लेकराकडे ठेवायचा, सूर्य जातो त्या दिशेने फिरायचं, आणि लेकराचं दुखणं आपल्या अंगावर ओढून घ्यायचं. जीव ओवाळून टाकणं म्हणतात ते हेच. बुरुलला लहानपणी गोवर निघाला होता तेव्हा आईने अशा फेऱ्या घातल्या होत्या. पोर उठून खेळायला लागली आणि आई अंथरुणाला खिळली. गावात अजून ती गोष्ट सांगत.

घर शांत होतं. एसेनची बायको पोरांना घेऊन माहेरी गेली होती. "एसेनला सर्दी झालीय," आई म्हणाली. "पोरांना लागेल म्हणून पाठवून दिलं. तूही त्याच्या खोलीत जाऊ नकोस. तुझं पोट उघडं आहे."

"बंद आहे, अपा. शिवलंय."

"तेच ते."

मधल्या भिंतीपलीकडे एसेन खोकला. सर्दीचा खोकला बुरुलला ठाऊक होता, कारखान्यात ती बारा महिने तोच ऐकायची. हा मात्र तळातून खरवडून काढल्यासारखा होता. खोकला थांबल्यावर पलीकडून आवाज आला, "एजे, आलीस का?" मोठ्या बहिणीला तिथे एजे म्हणतात, आईला अपा.

"आले. मरतोयस का?"

"रांगेत उभा आहे. पुढे बरेच म्हातारे आहेत."

दोघं हसली. हसताना बुरुलचे टाके ओढले गेले आणि ती पोटाला हात लावून उभी राहिली. आईने तिला तिच्या खोलीत नेलं.

खोलीत शिरल्यावर एक गोष्ट तिला खटकली. पलंग भिंतीला लावलेला नव्हता. तो खोलीच्या मधोमध ओढलेला होता, चारही बाजूंनी माणूस फिरेल एवढी जागा सोडून. फळ्यांवरचा जाड लोकरी गालिचाही गुंडाळून कोपऱ्यात उभा केला होता. खाली नुसत्या तांबड्या रंगाच्या फळ्या होत्या.

"दोन्हीकडून उतरता येईल तुला," आई म्हणाली. "टाके ओढायला नकोत."

आईने एवढा विचार केला, याचं बुरुलला बरं वाटलं.

३

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. चरबी चालत नाही म्हणून आई पातळ सूप करायची आणि स्वतःच त्याची निंदा करायची. "हे सूप नव्हे, मेंढीने ओढ्यात पाय बुडवून काढलेत." चहा, पाव, जर्दाळूचा मुरंबा. कुणाची घोडी व्याली, कुणाची सून रुसून गेली, पंचायतीतला कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं आई पलंगाशी बसून सांगायची. आई, म्हणजे गावाची जानिल म्हातारी, गप्प बसली की गावाला वाटायचं, कुणीतरी गेलं.

म्हणूनच दुपारची गोष्ट बुरुलच्या लक्षात आली. जेवणानंतर तिचा डोळा लागायचा. तेवढ्यात दार हळूच लोटलं जायचं आणि आई आत यायची. एक शब्द बोलायची नाही. ओठ घट्ट मिटलेले, जसं काही तोंडात सुया धरल्यात. मग ती पलंगाभोवती फिरायची. तीन फेऱ्या, अगदी सावकाश.

पहिल्या दिवशी बुरुलच्या डोळ्यांत पाणीच आलं. पस्तिशीच्या घरातली बाई, पण आई आपल्याभोवती फिरतेय म्हटल्यावर ती पुन्हा गोवर आलेली पोर झाली. "अपा, नको गं," ती म्हणाली. "या वयात तुला झेपायचं नाही." आई चालतच राहिली. फेऱ्या पुऱ्या करून ती निघून गेली, आणि संध्याकाळी आली तेव्हा पुन्हा नेहमीसारखी बडबडत होती.

पारा मात्र रोज संध्याकाळी थोडा थोडा चढत होता. फार नाही. कणकण, तोंडाला कडू चव, डोळ्यांमागे ऊन. डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. शिवाय ताप दुपारनंतरच चढतो, सगळ्या जगाचा चढतो, असं बुरुलने स्वतःला समजावलं. समजावण्यात ती पटाईत होती. आठ वर्षं ती सासूला, शेजारणींना आणि स्वतःला समजावतच आली होती.

फक्त एक गोष्ट समजावता येईना. आई घरात मऊ चामडी बूट घालायची आणि डावा पाय जरा ओढायची. एक पाऊल पडायचं, एक घासायचं. पडायचं, घासायचं. ते ऐकत बुरुल गुंगीत जायची. एका दुपारी तिने डोळे किलकिले केले तेव्हा आई पायथ्याशी थबकून दम खात उभी होती, दोन्ही हात पलंगाच्या दांडीवर. आणि पाऊल पडण्याचा आवाज उशाशी आला. न घासणारं पाऊल. एक, मग दुसरं, मग तेही थांबलं.

जुन्या फळ्या आहेत, बुरुलने विचार केला. दाबलेली फळी मागाहून वर येते, तिचा आवाज होतो. आईने दांडी सोडली आणि ती पुढे चालू लागली.

४

गावच्या दवाखान्यातली नर्स उमसुनाय पट्टी बदलायला यायची. जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई. येताच बूट काढता काढता निम्मी बातमी सांगून मोकळी व्हायची.

"कोरडी आहे," जखम बघून ती म्हणाली. "ना पू, ना सूज. शहरातल्या माणसाने शिवलंय वेडंवाकडं, पण भरतंय छान. मग ताप कशाचा?"

"ऑपरेशननंतर राहतो म्हणे."

"राहतो. मग उतरतो. तुझा चढतोय." तिने थर्मामीटर झटकला. "जखमेचा नाही हा. छाती स्वच्छ, घसा स्वच्छ. मला विचारशील तर मला कळत नाही." असं म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. मग तिने विषय बदलला. "तुझा भाऊ मात्र बघ. आज अंगणात लाकडं फोडत होता. हिवाळ्यात आम्ही आशा सोडली होती त्याची."

"कुणाची? एसेनची?"

"का, तुला ठाऊक नाही? नारीनला नेला, बिश्केकला नेला, कुणाला काही सापडेना. नुसता सुकत चालला होता. रोज ताप, तोही फार नाही, असाच. तुझ्या आईने कफनाचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं." उमसुनायने जीभ चावली. "तिने सांगितलं नाही वाटतं. तू काळजी करशील म्हणून असेल."

एसेन बिश्केकला आला होता. बुरुल राहते त्याच शहरात कुठल्याशा दवाखान्यात पडून होता, आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती काही बोलणार एवढ्यात दार लोटलं गेलं. आई आत आली. ओठ मिटलेले. उमसुनायला बघून ती क्षणभर थांबली, पण माघारी फिरली नाही. माघारी फिरणं जमण्यासारखं नसावं, अशी ती घाईत होती. ती पलंगाभोवती चालू लागली.

उमसुनाय आधी कौतुकाने बघत होती. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती आईच्या हाताकडे बघत होती. पहिली फेरी संपायच्या आत तिने कात्री, पट्टी, बाटली सगळं एकदम पिशवीत कोंबलं.

"निघते मी," ती म्हणाली. आवाज एवढासा झाला होता. "उद्या येते."

बुरुलने तिचा हात धरला. "काय झालं?"

"काही नाही. पाणी पीत जा भरपूर." हात सोडवून घेऊन ती भिंतीला चिकटून, पलंगापासून जमेल तेवढी लांबून दाराकडे गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पायाला लागलंय, असा निरोप आला. दोन दिवसांनी खिडकीतून बुरुलने तिला रस्त्याने तरातरा जाताना पाहिलं.

५

आईच्या डाव्या मनगटात चांदीचं जाड कडं होतं. उजवं मनगट मोकळं. दुसऱ्या दुपारी बुरुलने झोपेचं सोंग घेतलं आणि पापण्यांच्या फटीतून एवढंच बघायचं ठरवलं की आपल्याकडे कोणता हात असतो.

त्याआधी तिने भिंतीला कान दिला. आई एसेनच्या खोलीत होती. पडायचं, घासायचं. पडायचं, घासायचं. तीन फेऱ्या. मग ती घाईने बाहेर आली, मधली पडवी ओलांडली, आणि बुरुलचं दार लोटलं गेलं.

कडं चमकलं. ते बुरुलच्या गालाच्या अगदी जवळून गेलं, मग खांद्याजवळून, मग गुडघ्याजवळून. आई उलट्या दिशेने फिरत होती. डावा हात लेकीकडे ठेवून.

असं कुणी करत नाही. त्या मुलुखात उनाड पोरंसुद्धा खेळात तसं फिरत नाहीत. कुणी फिरलंच तर आजी कान पिरगाळते. अंगावर घेतलेलं दुसऱ्याच्या अंगावर उतरवून ठेवायचं असेल तरच तसं फिरतात, एवढंच लहानपणी तिने ऐकलं होतं. कुणी तसं केल्याचं कधी ऐकलं नव्हतं.

आईचं म्हातारपण, बुरुलने विचार केला. दिशा विसरली असेल. विसरतं माणूस. पण हा विचार मनात पुरता मांडूनही झाला नव्हता, तोच तिला ते दिसलं. पलंगावरच्या चादरीला लोकरीच्या झिरमिळ्या होत्या. आई पायथ्यावरून गेली तशा तिच्या घेरदार झग्याने त्या हलल्या आणि स्थिर झाल्या. आई उशापर्यंत पोचली. आणि पायथ्याच्या झिरमिळ्या पुन्हा हलल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुणीतरी घसटून गेल्यासारख्या.

तिथे कुणी नव्हतं. दुपारचं स्वच्छ ऊन फळ्यांवर पडलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. आई गेल्यावर ती धूळ बराच वेळ पलंगाभोवती गोल फिरत राहिली.

संध्याकाळी तिने तालायला फोन लावला. फेऱ्यांचं सांगितलं, कडं सांगितलं, झिरमिळ्यांचं सांगताना तिचं तिलाच हसू आल्यासारखं झालं. तालाय पेट्रोल भरत होता, त्याला निम्मं ऐकू आलं नाही. "अगं, आई आहे ती तुझी," तो म्हणाला. "उजवी काय आणि डावी काय. दुसरीकडे कुठे तुझी एवढी उस्तवार होणार होती?" मग त्याने विचारलं, ताप किती आहे. तिने सांगितलं. "हां, म्हणजे काही नाही," तो म्हणाला.

भिंतीपलीकडे एसेन शीळ घालत होता. खोकला नव्हता. दोन दिवसांत एकदाही नव्हता.

६

सकाळी ती भिंत धरून धरून स्वयंपाकघरात गेली. आई स्टुलावर बसून बटाटे सोलत होती.

"कशाला उठलीस? मी आणलं असतं."

"अपा, फिरताना माझ्याकडे तुझा कोणता हात असतो?"

आई कानकोंडी होईल, रागावेल, काय बोलतेस म्हणेल, असं बुरुलला वाटलं होतं. मनातून ती तेच मागत होती. आईने बटाटा सोलून पाण्यात टाकला.

"डावा," ती म्हणाली.

बुरुल दाराच्या चौकटीला टेकली. टाक्यांच्या जागी ऊब पसरत होती. "म्हणजे त्याच्याकडून जे उचलतेस ते..."

"हो."

"आधी स्वतःवर घेतलं असतंस ना. आई ना तू?"

"घेतलं नाही असं वाटतं तुला?" आईने पहिल्यांदा मान वर केली. तिचे डोळे लाल होते. "हिवाळाभर फिरले मी त्याच्याभोवती. गुडघे गेले माझे. दुपारी घ्यायचं आणि सकाळी बघावं तर परत त्याच्याकडे गेलेलं. माझ्यात ते राहत नाही. म्हाताऱ्या अंगात करमत नाही म्हणे."

"म्हणे? कोण म्हणे?"

आईने दुसरा बटाटा उचलला. साल एका सलग पट्टीत खाली उतरत होती. "जिथून आत शिरता येईल असं अंग हवं होतं," ती हळू म्हणाली. "ताजं उघडलेलं."

बुरुलला कळायला वेळ लागला नाही. कळून घ्यायला मात्र लागला. हिवाळाभरचे फोन, तो गोड आवाज, काढून टाक ते खडे, मी आहे ना. ती त्या आवाजाला भुलली होती. माहेरी कुणीतरी आपली वाट बघतंय या सुखात तिने कारखान्यातल्या बायकांना पेढे वाटावेत तशी बातमी वाटली होती. विश्वासाने मान पुढे करावी आणि केसाने गळा कापला जावा, तसं झालं. पोटातलं दुखणं याच्यापुढे काहीच नव्हतं.

"मी कोण गं तुझी?" तिने विचारलं.

"लेक." आईचा आवाज फाटला. "लेकच आहेस. म्हणून तर परक्याच्या पोरीवर नाही टाकलं मी, तसलं पाप नाही केलं. पण तुझ्यामागे कोण आहे, बुरुल? त्याची दोन लेकरं आहेत. तालायला दुसरी बायको मिळेल. माझ्या चुलीला दुसरा मुलगा कुठून मिळणार?"

बाहेर एसेन घोडीशी काहीतरी बोलत होता. त्याचा आवाज भरदार येत होता.

"मी जाते इथून. आजच."

"जा. मी अडवत नाही." आईने डोळे पुसले, सुरीच्याच हाताने. "पण ते आता तुझ्याबरोबर येईल. तिथे एकटी काय करशील त्याच्याशी? इथे निदान मी आहे, तुझं करायला."

"ते म्हणजे काय, अपा?"

"मला नको विचारू. एसेनच्या मागून कुरणावरून घरात आलं, एवढंच ठाऊक. मी त्याला घेऊन चालते तेव्हा मागे वळून बघत नाही. तूही बघू नकोस." ती उठली आणि तिने शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. "सूप गरम आहे. थोडं घे."

७

दुपारी आई आली नाही. एसेन आला. गाल तांबडे झालेले, अंगाला घोडीचा आणि ओल्या लाकडाचा वास. हिवाळ्यात ज्याचं कफन आणलं होतं तो माणूस हा, असं कुणी म्हटलं नसतं. टोपी हातात चुरगाळत तो दाराशीच उभा राहिला.

"एजे, अपा स्वयंपाकघरात रडतेय."

"रडू दे. तुला ठाऊक होतं?"

"मला वाटलं, ती तुला बरं करायला फिरते."

"एसेन."

तो टोपीकडे बघत राहिला. "आधी तसं वाटलं," तो म्हणाला. "मग माझा ताप गेला. मग मी विचारच केला नाही. बरं वाटायला लागलं की माणूस विचार करत नाही गं."

बुरुलला त्याचा रागही नीट येईना. लहानपणी तिने याला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला होता, याच्यासाठी शाळेत मार खाल्ला होता. तिने तोंड खिडकीकडे वळवलं, आणि ते त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं असावं.

त्याने टोपी डोक्यावर घट्ट बसवली. "मी फिरतो," तो म्हणाला. "माझं आहे ते, मी परत घेतो. अपाला येतं ते मला येणार नाही थोडंच?"

"एसेन, पोरं आहेत तुला."

"तू गप्प पड. मोठी आलीस पोरं सांगणारी." तो हसला, अगदी त्या पहिल्या दिवशी भिंतीपलीकडून हसला होता तसा. या घरात आपलं एक माणूस आहे, असं बुरुलला वाटलं, आणि किती दिवसांनी तिने पाय सैल सोडले.

तो निघाला. उजवा हात तिच्याकडे, सूर्याच्या दिशेने, शिस्तीत. पहिल्या फेरीत तो बोलत होता: घोडी या आठवड्यात व्यायची आहे, शिंगरू झालं तर तुझं, बिश्केकला घेऊन जा, पाचव्या मजल्यावर बांध. त्याच्या जड पावलांमागे दुसरी पावलं उठली. दोघांनीही ती ऐकली. एसेन बोलायचा थांबला.

दुसऱ्या फेरीला बुरुलच्या अंगातली उष्णता तळव्यांतून निथळल्यासारखी उतरू लागली. कपाळ गार पडलं. तोंडातली कडू चव गेली. पोट भरून श्वास घेता आला. त्याला थांब म्हणायला हवं हे तिला कळत होतं, पण ते सुख इतकं मोठं होतं की तिने म्हटलं नाही. उशाशी येऊन एसेन खोकला. तळातून खरवडून काढल्यासारखा.

तिसरी फेरी त्याने सुरू केली. चेहरा राखेसारखा झाला होता. दारात आई येऊन उभी राहिली होती, तिने हातसुद्धा उचलला नाही. नुसती बघत होती. पायथ्याशी आल्यावर एसेनचा पाय अडला.

त्याने दांडी धरली. मागची पावलंही थांबली.

"अजून अर्धी आहे," बुरुल म्हणाली. हे आपण म्हणालो, याची तिला पुढे लाज वाटायला हवी होती.

एसेनने आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "एजे, धाकटी अजून चालायलाही लागली नाही," तो म्हणाला. त्याने दांडीवरचा हात काढला. पलंगापासून एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं, आणि वळून तो चालता झाला. आईने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. अंगणाचं दार वाजलं.

खोलीत ऊन होतं. बुरुल ऐकत राहिली. त्याच्या मागोमाग काही गेलं नव्हतं.

पायथ्याच्या झिरमिळ्या हलल्या. मग डाव्या बाजूच्या. जे थांबलं होतं ते वळलं होतं, आणि आल्या वाटेने उलटं निघालं होतं. घाई नव्हती. फळी दाबली जायची आणि उठायची. कमरेजवळ आलं, खांद्याजवळ आलं. उशाजवळ आल्यावर पावलं थांबली, आणि उशीची एक बाजू हळूहळू खाली गेली, कुणी कोपर टेकून वाकावं तशी. बुरुलने मान वळवली नाही. डोळ्यांच्या कडेला काहीतरी होतं, तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ, आणि ते तिच्या टाक्यांकडे बघत होतं.

उघड्या खिडकीतून अंगण दिसत होतं. आई आणि एसेन घोडीपाशी उभे होते, दोघांच्याही पाठी घराकडे. एसेन पुन्हा ताठ उभा होता. आई त्याच्या खांद्यावरचा लाकडाचा भुसा झटकत होती.

"अपा," बुरुलने हाक मारली.

आईचा हात थांबला. एवढाच वेळ, की हाक पोचली हे कळावं. मग ती पुन्हा भुसा झटकायला लागली.